‘उतरा’ आणि ‘उतरतो’

आमच्या गावाचं नाव लिहायला तीन अक्षरं, बोलायला तुकडे दोनच : मेड-शी. अकोला-वाशीम रस्त्यावर एस.टी.चा कंडक्टर ‘मेडशीवाले, उतरा’ म्हणतो, तेव्हा ‘उतरा’चंही तेच होतं. कानावर पडतं ते ‘उत्-रा’. पण ‘मी इथं उतरतो’ म्हटलं, की ‘त’मधला दडलेला ‘अ’ परत येतो : उ-तर-तो. तसंच विस्-रा, पण वि-सर-तो. पस्-रा, पण प-सर-तो. पुढं काय लागतं त्यावर क्रियापद कुठं मोडायचं ते ठरतं. लिहिण्यात मात्र याची खूण नाही.

आम्ही घरी वऱ्हाडी वळणाची उर्दू बोलणारी माणसं. शाळेत आमच्या पोरांना ऐकावं लागतं, ‘तुमचं मराठी शुद्ध नाही, एकेक अक्षर म्हणा.’ मग पोरगं घाबरून ‘उ-त-रा’, ‘वि-स-रा’ असं सुटं सुटं वाचतं. असं तर पुण्यातही कुणी बोलत नाही! खरं म्हणजे हा नियम ते घरूनच घेऊन आलेलं असतं. उर्दूत निक्-ला, पण नि-कल-ता. सम्-झा, पण स-मझ-ता. मोड तीच. शिवाय मकतबात कायदा शिकताना जज़्म दिसला की ते अक्षर मागच्याला जोडायचं, हे त्याच्या जिभेवर बसलेलं असतं. देवनागरीतही अक्षराचा पाय मोडता येतो, पण ‘उतरा’त तो कुणी मोडत नाही.

फ्रेंचमध्येही हाच खेळ आहे. ‘हाक मारणे’ या अर्थाचं त्यांचं क्रियापद ‘मी’बरोबर ‘आपेल’ होतं, ‘आम्ही’बरोबर ‘आप्लों’. फरक इतकाच, की ‘आपेल’ लिहिताना ते ‘ल’ दोनदा लिहितात. वाचणाऱ्याला कळतं, इथं स्वर गिळायचा नाही. आपल्याकडे सगळं कानावर सोडलेलं.

आमच्या पोरांचं अडतं ते दुसरीकडे. ‘जिंकतो’चा ‘ज’ आणि ‘जातो’चा ‘ज’ एक नव्हे. उर्दूतलं ‘जाता’ मात्र ‘जिंकतो’च्याच ‘ज’नं सुरू होतं. त्यामुळं पोरगं ‘मी जातो’ म्हणालं, की सगळा वर्ग वळून बघतो. नाव विचारायची गरजच उरत नाही. ‘चालतो’च्या ‘च’चीही तीच गत. पण ‘बाज़ार’, ‘ज़मीन’ म्हणताना त्या मराठी ‘ज’च्या अगदी शेजारचा आवाज याच पोराच्या तोंडी असतो. तिथून धरून आणलं, तर ‘जातो’पर्यंत यायला दोन दिवस पुरतात.