तीच बातमी, तेच शब्द

६ जानेवारी, रात्र

आज पत्रकार दिन. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं. मला मात्र दिवसभर आठवत राहिली २००९ ची महाराष्ट्र विधानसभा निवडणूक. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत एकाच नेत्याची स्तुती छापून आली, शब्दही तेच. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघड केलं. जाहिरात म्हणून छापलं असतं तर वाचक सावध झाला असता. बातमीवर तो विश्वास ठेवतो, आणि विकला गेला तो हा विश्वास.

पैसे घेऊन छापलेल्या अशा बातम्यांवरचा प्रेस कौन्सिलच्या उपसमितीचा ७१ पानी अहवाल २०१० मध्ये तयार झाला. त्यात वृत्तपत्रांची नावं होती. तो पूर्ण स्वरूपात लोकांसमोर यायला २०११ उजाडलं, तेही केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर.

आमच्या घरी वडिलांच्या वेळेपासून एकच पेपर. त्यात आलं नाही ते घडलंच नाही, असं आम्ही धरून चाललो. आमदाराचं काम न बघता, छापून आलेलं वाचून मी मत दिलं. हे फार लागतं मनाला.

उद्यापासून दुसराही पेपर सांगितलाय. निवडणुकीच्या दिवसांत तुम्हीही दोन पेपर शेजारी ठेवून वाचा.