खोकल्याच्या औषधाची सबब

पंचवीस वर्षं तालुक्याच्या मैदानावर पोरांना गोळाफेक आणि थाळीफेक शिकवली. उत्तेजक चाचणीत कुणी सापडलं की माझं वाक्य ठरलेलं असे, "अहो, खेड्यातली पोरं ती. कुणी दिलं, त्यांनी घेतलं. त्यांना काय कळतंय?" 2019 मध्ये मुंबईचा पृथ्वी शॉ टर्ब्युटालिनमुळे आठ महिन्यांसाठी निलंबित झाला. ते खोकल्याच्या औषधातून नकळत पोटात गेलं, हा त्याचा खुलासा क्रिकेट मंडळाने मान्य केला. मला आयताच दाखला मिळाला. एवढा मोठा खेळाडू फसतो, तिथे आमच्या पोरांची काय कथा!

आता ते वाक्य तोंडातून निघत नाही.

आधी आकड्यांनी अडवलं. 'वाडा' या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या तक्त्यात 2022 साली भारताच्या 3,865 नमुन्यांपैकी 125 दोषी होते, 2023 साली 5,606 पैकी 213. चाचण्या वाढल्या म्हणून, असं मी म्हणून पाहिलं. पण त्याने संख्या वाढेल, शेकडा प्रमाण का वाढावं? ते 3.2 वरून 3.8 वर गेलं होतं. चीनने आपल्या कितीतरी पट नमुने तपासले, तरी तिथलं प्रमाण एक टक्क्याच्या आत. शिवाय नावं कुठल्या खेळांतली? ॲथलेटिक्स, वेटलिफ्टिंग, कुस्ती. औषधं कुठली? स्टॅनोझोलॉल, मेथॅन्डिएनोन, म्हणजे स्नायू वाढवणारी स्टिरॉइड्स. भेसळीच्या पावडरीने काही जण खरोखर फसतात, हे मी आजही मानतो. पण नकळत झालेली चूक ताकदीच्या खेळांतच अशी साचत नाही.

उरलीसुरली सबब सप्टेंबर 2023 मध्ये दिल्लीत संपली. राज्य स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी 'नाडा' या आपल्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेची माणसं मैदानावर आली आणि पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच धावपटू उभा राहिला. स्टीपलचेसमधली एक मुलगी अंतिम रेषा ओलांडूनही धावतच राहिली, मागे नमुना घेणारा अधिकारी. ज्याला काही ठाऊकच नाही, तो पळेल कशाला?

ती बातमी वाचली आणि माझ्याच मैदानावरचा एक पोरगा आठवला. चार महिन्यांत त्याची फेक दीड मीटरने वाढली होती. पाठीवर, खांद्यांवर पुटकुळ्या उठल्या होत्या. मी पाहिल्या, विचारलं मात्र नाही. राज्य स्पर्धेत त्याला सुवर्ण मिळालं तेव्हा गावभर पेढे वाटले. त्याची चाचणी कधी झालीच नाही. पुढे पाच टक्के क्रीडा आरक्षणातून नोकरी लागली, घरातली पहिली सरकारी नोकरी. जिथे एका पदकावर अख्खं घर उभं राहतं आणि नमुना घ्यायला क्वचितच कुणी फिरकतं, तिथे पोरं काय हिशोब मांडत असतील, हे मला कळत नव्हतं असं नाही. त्याने काही घेतलं होतं का, हे आजही सांगता येणार नाही. ते कळू नये याची खबरदारी मीच घेतली होती. 'त्यांना काय कळतंय' या वाक्याआड मला लपायला चांगली जागा होती.

त्या स्पर्धेत चौथा आलेला पोरगाही माझाच. परतीच्या एसटीत तो गप्प बसून होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो होतो, "तू मेहनतीत कमी पडतोस."