दाखल्याचा महिना

ती. मावशीस,


नोव्हेंबर तोंडावर आला म्हणून हे पत्र. फोनवरचं विसरायला होतं. कागद कपाटाच्या दारावर चिकटवता येतो.

हयातीच्या दाखल्याचे दिवस आले की पेन्शनरांना फोन सुरू होतात. पलीकडचा माणूस कोषागारातून बोलतोय असं सांगतो. तुझं नाव, निवृत्तीची तारीख, पीपीओ नंबर घडाघडा म्हणून दाखवतो. एवढं ठाऊक आहे म्हणजे सरकारीच असणार, असं कुणालाही वाटेल. पण ही माहिती कुठून कुठून फुटलेली असते. त्याच्याकडे नसतो तो फक्त ओटीपी, आणि दाखल्याच्या नावाखाली तोच तो मागतो. तू आकडे सांगत असतेस, तेव्हा तिकडे तो तुझ्या खात्यातून पैसे काढायच्या तयारीत बसलेला असतो. म्हणून बँकेचा मेसेज आला की आकड्यांच्या आधी त्यातला मजकूर वाच. ओटीपी कशासाठी आहे, किती रकमेचा आहे, ते बहुधा तिथेच लिहिलेलं असतं.

‘आज दाखला दिला नाही तर पेन्शन बंद’ ही त्यांची हुकमी धमकी. दाखला राहिला तर पेन्शन थांबते हे खरं, पण दाखला दिला की थकलेल्या रकमेसकट पुन्हा सुरू होते. तू दरवर्षी बँकेत जाऊन यादीत सही करतेस, तशीच कर. घरबसल्या करायचं असेल तर २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ची सोय आहे. त्यासाठी कोषागार कुणाला फोन करून ओटीपी मागत नाही.

व्हॉट्सअॅपवर दाखल्याची म्हणून एखादी फाईल आली आणि तिच्या नावाशेवटी ‘एपीके’ असलं, तर हात लावू नकोस. ते अॅप असतं. एकदा परवानगी मिळाली की तुझे मेसेज ते परस्पर त्यांच्याकडे पाठवू लागतं. मग ओटीपी विचारायचीही गरज उरत नाही. आणि यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही.

आता खरी काळजी सांगते. तुझ्या पिढीतली माणसं फसली की गप्प बसतात. एवढी वर्षं शाळेत शिकवलं आणि आता हे, मुलं काय म्हणतील? चोरांना हे पक्कं माहीत असतं. पोलिसांच्या गणवेशात व्हिडिओ कॉल करून ‘डिजिटल अरेस्ट’ करणारेसुद्धा आधी बजावतात, घरात कुणाला सांगायचं नाही. अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच, पण घाबरलेल्या माणसाला हे सांगणारं कुणी जवळ असावं लागतं. तसं कुणी नसावं एवढ्यासाठीच ती ताकीद.

तेव्हा काही विपरीत घडलंच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, लगेच बँकेला, मग मला. चोरलेले पैसे भराभर एका खात्यातून दुसऱ्यात जातात. मधेच गाठले तर गोठवता येतात. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने सांगितलं आहे की चूक ना ग्राहकाची ना बँकेची असेल आणि व्यवहाराबद्दल बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाला भुर्दंड नाही. ओटीपी आपणच दिला असला, तरी कळवल्यानंतर गेलेल्या पैशांची जबाबदारी बँकेची. रात्री दोन वाजता कळलं तरी मला उठव. तुला मी एका शब्दानेही विचारणार नाही की असं कसं झालं.

आधारची झेरॉक्स मागेल त्याला देतेस, ती थांबव. शेवटचेच चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार मिळतं, बऱ्याच ठिकाणी ते चालतं. आधारला जोडलेले बोटांचे ठसेही लॉक करता येतात, म्हणजे तुझ्या नकली ठशाने कुणी पैसे काढू शकणार नाही. मात्र अंगठा देऊन दाखला करायचा झाला तर तेवढ्यापुरतं लॉक उघडावं लागेल.

पुढच्या रविवारी येते आहे. तुझ्या नावावर किती सिमकार्डं आहेत तेही ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर बघू. आधारकार्ड आणि बँकेचे मेसेज येतात तो फोन हाताशी ठेव. शेजारच्या काकूंनाही बोलावून घे, त्यांचीही पेन्शन आहे.

तुझी,
नंदा