एका देहातील तिघी आणि वाचकांचे कौल

रहस्यकादंबरीविषयी सर्वसामान्य वाचक जे मत देतो ते बहुधा एका वाक्यात संपते: पुस्तक हातातून ठेववले नाही, खुनी कोण ते आधीच कळले, लेखकाने फसवले किंवा शेवट गुंडाळला. समीक्षेच्या व्यवहारात ही मते तोकडी मानली जातात आणि त्यांची दखल क्वचितच घेतली जाते. परंतु ज्याला स्वतः रहस्यकथा रचायची आहे त्याने त्यांच्याकडे कारागिराच्या नजरेने पाहिले, तर प्रत्येक मत कथेतील एका नेमक्या सांध्याकडे बोट दाखवत असल्याचे त्याला आढळते. एकाच माणसाच्या ठायी अनेक व्यक्तिमत्त्वे वावरतात या कल्पनेवर उभ्या असलेल्या मानसशास्त्रीय थरारकथेच्या बाबतीत हे विशेषच खरे आहे, कारण तेथे रहस्य घटनेत नसून पात्राच्या मनात दडवलेले असते आणि ते दडवताना लेखकाने किती प्रामाणिकपणा पाळला, याची झडती वाचक आपल्या परीने घेत असतो.

या दृष्टीने तपासण्यासारखी कादंबरी म्हणजे अमेरिकन लेखक सिडने शेल्डन यांची 1998 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘टेल मी युवर ड्रीम्स’. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर मांडलेल्या इंग्रजी पुस्तकांच्या ढिगांतून आणि पुढे मराठी अनुवादांतूनही शेल्डन येथील वाचकाच्या परिचयाचे झाले. प्रस्तुत विवेचनात या कादंबरीचे रहस्य उघड केले आहे, कारण ते झाकून तिच्या रचनेविषयी काही सांगता येणे शक्य नाही.

कॅलिफोर्नियातील क्युपर्टिनो येथे संगणकक्षेत्रातील एका कंपनीत तीन तरुणी काम करतात. ॲश्ली पॅटरसन ही नामवंत हृदयशल्यविशारदाची भिडस्त मुलगी असून आपला कोणीतरी पाठलाग करत आहे, या भीतीने ती ग्रासलेली आहे. टोनी प्रेस्कॉट इंग्लंडमध्ये वाढलेली, गाण्याची आवड असलेली आणि फटकळ आहे. तर ॲलेट पीटर्स रोममध्ये जन्मलेली, चित्रे काढणारी आणि हळवी आहे. वेगवेगळ्या शहरांत पुरुषांचे एकाच पद्धतीने खून होतात, प्रत्येक ठिकाणी एकाच स्त्रीच्या खुणा सापडतात आणि अखेर ॲश्लीला अटक होते. त्यानंतर उलगडते ते असे की या तिघी एकाच देहात राहतात. कादंबरीचे तीन भाग आहेत: पहिल्यात खून आणि शोध, दुसऱ्यात खटला, तिसऱ्यात मनोरुग्णालयातील उपचार. वाचकांची मते परस्परविरोधी वाटतात ती मुख्यतः याच कारणाने, की प्रत्येक वाचक यांपैकी एका भागाला संपूर्ण कादंबरी समजून कौल देत असतो.

पहिला कौल एका बैठकीत पुस्तक संपवणाऱ्यांचा. शेल्डन कादंबरीकडे वळले ते पन्नाशी ओलांडल्यावर. त्याआधी ते पटकथालेखक होते, ‘द बॅचलर अँड द बॉबी-सॉक्सर’ या 1947 च्या चित्रपटाच्या लेखनासाठी त्यांना ऑस्कर मिळाले होते आणि दूरचित्रवाणीवरील मालिकांचाही त्यांना दांडगा अनुभव होता. कादंबरीचा पहिला खर्डा ते लेखनिकाला तोंडी सांगत आणि मग त्यावर पुन्हा पुन्हा हात फिरवत. या सवयींचा ठसा पानोपानी दिसतो: वाक्ये बोलण्याइतकी छोटी, वर्णन जुजबी, संवाद भरपूर आणि प्रकरणाचा शेवट नेमका अशा क्षणी, जेथे पुढचे पान उलटल्यावाचून राहवत नाही. मात्र या गतीचा आणखी एक उपयोग आहे आणि तो या कथाप्रकारात निर्णायक ठरतो. वेगाने वाचणारा वाचक थांबून प्रश्न विचारत नाही. एकाच कंपनीतल्या या तिघींपैकी दोघी सतत तिसरीविषयी का बोलतात आणि तिसरीच्या मनात मात्र त्या दोघींचा विचार का येत नाही, ही विसंगती त्याच्या डोळ्यांसमोर असूनही निसटते. म्हणजे वेग येथे रंजनाचे साधन तर आहेच, शिवाय तो रहस्यावरचा पडदाही आहे.

दुसरा कौल फसवणुकीचा आरोप करणाऱ्यांचा, आणि लेखनाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा कौल हाच. रहस्यकथेत वाचकाशी न्यायाने वागण्याचा एक अलिखित करार असतो: उलगड्यासाठी लागणारा प्रत्येक धागा आधी त्याच्यासमोर ठेवलेला असला पाहिजे. ब्रिटिश लेखक आणि धर्मगुरू रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 मध्ये या कराराचे दहा नियम मांडले, त्यांपैकी पहिलाच असा की गुन्हेगार कथेत लवकर यावा, पण ज्याच्या मनातले विचार वाचकाला दाखवले आहेत असा तो नसावा. आणि शेवटचा असा की जुळी भावंडे किंवा हुबेहूब दिसणारी माणसे पूर्वसूचना दिल्याशिवाय आणू नयेत. बहुव्यक्तिमत्त्वाची थरारकथा या दोन्ही नियमांना एकाच वेळी धक्का देते. तिच्यातील गुन्हेगाराच्या मनात वाचक पहिल्या पानापासून वावरत असतो आणि तिच्यातील जुळे तर एकाच शरीरात असतात. आगाथा ख्रिस्ती यांच्या 1926 च्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’वरही फसवणुकीचा आरोप झाला होता, परंतु तेथे निवेदक सत्य जाणतो आणि त्याबद्दल मौन पाळतो. ॲश्लीच्या बाबतीत लपवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तिला काही ठाऊकच नाही. तिची भीती खरी आहे, तिचे निरपराधपणही तिच्यापुरते खरे आहे. येथे लपवणारा आहे तो फक्त लेखक, आणि म्हणूनच त्याची जबाबदारी वाढते.

शेल्डन ही जबाबदारी कितपत पार पाडतात, हे दुसऱ्या वाचनातच कळते. टोनीच्या बोलण्यातला इंग्लंडचा आणि ॲलेटच्या बोलण्यातला इटलीचा हेल प्रथम केवळ पात्रांना रंग देण्यासाठी योजलेला वाटतो. परंतु ॲश्लीवर बालपणी वडिलांकडून लैंगिक अत्याचार झाला, त्याची सुरुवात लंडनमध्ये झाली आणि पुढे रोममध्येही तो घडला, हे कळल्यावर त्या दोघींची जन्मस्थाने म्हणजे एका मुलीच्या जखमांचा नकाशा असल्याचे ध्यानात येते. प्रौढ वयाची टोनी एक इंग्रजी बालगीत गुणगुणत असते. पहिल्या वाचनात तो तिचा छंद वाटतो, दुसऱ्या वाचनात तिचा जन्म कोणत्या वयात झाला याचा तो पुरावा ठरतो. हे धागे चोख आहेत. जेथे टोनी आणि ॲलेट दोन मैत्रिणींसारख्या एकमेकींशी बोलतात, तेथे मात्र आक्षेपाला जागा आहे: हा संवाद एका मनाच्या आत चालला आहे, पण लेखक तो बाहेरच्या, तटस्थ निवेदकाच्या स्वरात मांडतो आणि त्यायोगे दोन देहांचा भास निर्माण करतो. पात्राच्या नजरेतून सांगितलेले असत्य कलेत क्षम्य असते, कारण ते त्या पात्राचे सत्य असते. निवेदकाने स्वतःच्या नावावर सांगितलेले असत्य क्षम्य नसते. फसवले गेल्याची तक्रार करणारा वाचक हा भेद शब्दांत मांडू शकत नसला, तरी त्याला तो अचूक जाणवलेला असतो.

तिसरा कौल असा की रहस्य फुटल्यावर कादंबरी सैल पडते. खटल्याच्या भागाबद्दल हे मत पटण्यासारखे नाही, कारण तेथे प्रश्न बदलतो: हे कोणी केले, याऐवजी यासाठी कोणाला जबाबदार धरावे, असा तो होतो. असे व्यक्तिमत्त्वांचे विघटन खरोखर असते की नाही, यावर न्यायालयात तज्ज्ञ परस्परविरुद्ध साक्षी देतात आणि हा वाद लेखकाच्या कल्पनेतला नाही. 1978 मध्ये ओहायो राज्यात बिली मिलिगन या आरोपीला याच कारणाने, म्हणजे मानसिक आजारामुळे, दोषमुक्त ठरवून उपचारांसाठी पाठवण्यात आले होते. त्याआधी 1973 मध्ये आलेल्या ‘सिबिल’ या पुस्तकात एका रुग्ण स्त्रीची सोळा व्यक्तिमत्त्वे वर्णिली होती आणि त्याने या आजाराविषयी अमेरिकेत प्रचंड कुतूहल निर्माण केले. पुढे 2011 मध्ये पत्रकार डेबी नेथन यांनी त्या प्रकरणातील उपचारपद्धतीवर आणि कथनाच्या विश्वासार्हतेवर गंभीर आक्षेप घेतले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1980 च्या आपल्या निदानसूचीत बहुव्यक्तिमत्त्व विकाराला स्वतंत्र स्थान दिले आणि 1994 मध्ये त्याचे नाव बदलून ‘डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर’ असे केले. असह्य आघातापासून बचाव करताना मूल तो अनुभव आपल्यापासून तोडून दूर ठेवते, या तोडण्याच्या क्रियेवर नव्या नावाचा भर आहे. स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, हा याहून सर्वस्वी वेगळा आजार आहे, तरीही वाचकांच्या मनात आणि कित्येक कथांतही या दोहोंची सरमिसळ झालेली आढळते.

तिसऱ्या भागातील रुग्णालयाची प्रकरणे अनेकांना कंटाळवाणी वाटतात. संमोहनाच्या साहाय्याने एकेका व्यक्तिमत्त्वाशी संवाद साधणे, त्यांची परस्परांशी ओळख करून देणे आणि शेवटी त्यांचे एकीकरण करणे, असा तो क्रम आहे. प्रत्यक्ष उपचारात रुग्णाला सुरक्षित वाटू लागणे, मग आघाताच्या आठवणींना सामोरे जाणे आणि त्यानंतर एकसंध जीवनाकडे वळणे, असे टप्पे मानले जातात आणि त्यांना वर्षानुवर्षे लागू शकतात. ती चिकाटी प्रकरणाअखेरच्या कलाटणीच्या तंत्रात मावत नाही. वाचकाचा कंटाळा म्हणजे येथे त्याच्या अभिरुचीचा दोष ठरत नाही. कथेला आजार हवा होता, बरे होणे तिला पेलवले नाही, हे त्यातून दिसते. शेवटच्या पानांत तर बरी झालेली ॲश्ली वडिलांच्या भेटीला निघते. ते एका लहान मुलीच्या आईशी विवाह करणार असतात आणि या प्रवासात टोनी पुन्हा जागी होते. थरार म्हणून हा शेवट प्रभावी आहे, अत्याचारी सुटतो आणि पुढचे मूल धोक्यात येते या वास्तवाकडेही तो लक्ष वेधतो. परंतु अशा आजाराचा माणूस कधीच बरा होत नाही आणि तो केव्हाही खून करू शकतो, असा ग्रह तो वाचकाच्या मनात ठेवून जातो. हा ग्रह अन्यायकारक आहे, कारण या आजाराचा रुग्ण बहुधा इतरांपेक्षा स्वतःलाच इजा करून घेण्याच्या धोक्यात असतो.

थरार आणि रुग्णाविषयीची आस्था एकत्र नांदू शकतात, याचे उदाहरण भारतातच आहे. फाझिल यांच्या 1993 च्या ‘मणिचित्रताळ’ या मल्याळम चित्रपटात आणि त्यावरून 2007 मध्ये आलेल्या हिंदी ‘भूलभुलैया’त नायिकेच्या ठायी एक नर्तकी अवतरते, हवेलीत भय दाटते, तरी तेथील मनोविकारतज्ज्ञाचे सारे कसब तिला पकडण्यापेक्षा वाचवण्यात खर्ची पडते आणि अखेर ती बरी होते. तेथील उपचारांना वैद्यकशास्त्राचा आधार फारसा नाही, पण प्रेक्षक चित्रपटगृहातून बाहेर पडतो तो तिची धास्ती घेऊन नव्हे, तिच्याविषयी कणव घेऊन.

‘टेल मी युवर ड्रीम्स’विषयी वाचकांचे हे सारे कौल एकत्र मांडले, तर निवाडा असा होतो की धागे पेरण्यात ती पुष्कळ अंशी प्रामाणिक आहे, निवेदकाच्या स्वरात ती काही ठिकाणी डळमळते आणि शेवटाला ती रुग्णाला थरारासाठी वापरते. असा विषय हाताळू पाहणाऱ्या मराठी लेखकाने हा निवाडा गांभीर्याने घ्यावा: दुसऱ्या वाचनात खोटे ठरेल असे एकही वाक्य निवेदकाच्या तोंडी घालू नये आणि जो वाचक स्वतःच हा आजार सोसत असेल, त्याला आपली कथा वाचून काय वाटेल, हा प्रश्न हस्तलिखित हातावेगळे करण्यापूर्वी विचारावा. वाचकानेही आपले मत एका वाक्यात सांगून थांबू नये. पुस्तक पुन्हा उघडावे, आपण कोणत्या पानावर फसलो ते शोधावे आणि ते पान लेखकाला सांगावे.