व्हॅलेन्शियाचा हिंवाळा

जसजसें उत्तरेस जावें तसतशी थंडी वाढते, असें मीं वर्षानुवर्षें शिकविलें. आयर्लंडच्या पश्चिमेस व्हॅलेन्शिया बेटावर ऐन जानेवारींत उतरलों, तों सुमारें ५२ अंश उत्तर अक्षांशावर गवत हिरवेंगार! त्याच अक्षांशावरील सैबेरियांतील इर्कुट्स्क येथें त्या महिन्याचें सरासरी उष्णतामान शून्याखालीं सुमारें १८ अंश सेंटिग्रेड. येथें शून्यावर ७. जुलैंतही सुमारें १५च. उबदार सागरप्रवाहावरून येणारे पश्चिमी वारे ही समता राखतात. ‘समशीतोष्ण’ शब्दाचा अर्थ मला तेथें उमगला. टास्मानिया, न्यूझीलंड, दक्षिण चिली, कॅनडाचा पश्चिम किनारा येथेंही बव्हंशीं हेंच सागरी हवामान. म्हणून दक्षिण गोलार्धांतील वृक्षाएवढे नेचे व्हॅलेन्शियाच्या उद्यानांत सुखानें वाढतात. अक्षांश शिकवितांना समुद्र विसरूं नये, एवढेंच माझ्या जुन्या विद्यार्थ्यांस सांगणें.