सत्कार आणि शर्यत

गेल्या वर्षी एका निबंधस्पर्धेची जाहिरात आमच्या वाचनात आली. ‘स्पर्धा सर्वांसाठी खुली, वयाची अट नाही’ असे तीत स्वच्छ छापले होते. आम्ही रीतसर निबंध लिहिला, सुवाच्य अक्षरात उतरवून काढला आणि पाठवून दिला. आठवडाभरात संयोजकांचा दूरध्वनी आला. आवाजात नको तितका आदर होता. ‘सर, आपण स्पर्धेत कशाला? आपण बक्षीस समारंभाला अध्यक्ष म्हणून या. आपला सत्कारही करायचा आहे.’ आम्ही गेलो, शाल पांघरून घेतली, नारळ घरी आणला. आमच्या निबंधाचे काय झाले, तो कोणी वाचला की नाही, वाचला असल्यास पहिल्या दहांत तरी बसण्याजोगा होता की नाही, हे मात्र आम्हाला आजतागायत ठाऊक नाही.

हा अनुभव आम्ही रुसव्यापोटी सांगत नाही. सत्काराचा आनंद आम्हाला झाला, हे कबूल करायला हवे. पण त्या आनंदाच्या तळाशी काहीतरी खुपत राहिले. ते काय होते याचा उलगडा आम्हाला साहित्यात झाला नाही. तो आमच्या शेजाऱ्यांच्या गोठ्यात झाला.

आम्ही कड्याचे. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातले, नगर-बीड रस्त्यावरचे हे बाजाराचे गाव. पाऊस बेताचा, त्यामुळे दिवाळीनंतर इथली कितीतरी कुटुंबे बैलगाडी जुंपून ऊसतोडीला पश्चिमेकडे जातात. बैल हा इथे अजूनही केवळ पोळ्यापुरता उरलेला नाही. आमच्या शेजारच्या अण्णांकडे एक खिलार जोडी आहे. तारुण्यात ती पटात गाजलेली. पुढे 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या. 16 डिसेंबर 2021 रोजी न्यायालयाने राज्यात त्यांना अटींवर परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने संबंधित कायदा वैध ठरवला. मधल्या काळात अण्णांच्या बैलांची उमेद गोठ्यात गेली. मैदान पुन्हा उघडले तेव्हा बैल म्हातारे झाले होते.

शर्यतीतले गट कसे पडतात, हे ज्यांनी पाहिलेले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बैलाचे वय कागदावर नसते, ते जबड्यात असते. दुधाचे दात अजून पडलेले नाहीत तो आदत. साधारण दोन-अडीच वर्षांचा झाला की पुढचे दोन दात पडून कायमचे येतात, तो दुस्सा. मग चार दातांचा चौसा, मग सहादाती, आणि साडेचार-पाच वर्षांच्या सुमारास आठही दात आले की बैल जुळला. आदतांचे मैदान वेगळे, दुस्सा-चौशांचे वेगळे आणि बाकी सारे ‘ओपन’. ही व्यवस्था फार शहाणपणाची आहे. कोवळ्या वासराला पूर्ण वाढलेल्या बैलापुढे उभे करायचे नाही, एवढे साधे न्यायाचे तत्त्व तीत आहे. आणि माप असे, की मालकाला त्यात सहसा लबाडी करता येत नाही. पंचाने ओठ वर केला की उत्तर मिळते.

पण या व्यवस्थेत एक भगदाड आहे. दात जुळले की ते बोलायचे थांबतात. सहा वर्षांचा बैल आणि बारा वर्षांचा बैल, दोघेही ‘जुळलेले’. झिजेवरून अंदाज करता येतो, परंतु झीज चाऱ्यावर आणि मातीवरही अवलंबून असते. परिणामी उमेदवारीच्या पायऱ्या एकेक मोजलेल्या आणि उताराची एकही पायरी नाही. ‘एक आदत, एक बैल’ अशा मैदानात जुन्या बैलाला जागा मिळते खरी, पण ती कोवळ्याला वळण लावणाऱ्या सोबत्याची. वाचकांपैकी जे अध्यापक आहेत, त्यांना ही जागा ओळखीची वाटेल.

साहित्याकडे वळून पाहिले तर चित्र फारसे निराळे नाही. साहित्य अकादमीने पस्तीस वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी युवा पुरस्कार 2011 पासून सुरू केला. पहिल्या पुस्तकासाठी, नवोदितांसाठी ठिकठिकाणी पारितोषिके आहेत, आणि ती असावीतच. उतारवयासाठी मात्र आपण ‘जीवनगौरव’ शोधून काढला. तो गौरव आहे, गट नव्हे. त्यात प्रतिस्पर्धी नसतो, म्हणून हरण्याची शक्यता नसते. आणि हरण्याची शक्यता नाही तिथे लेखनाचे मोजमापही होत नाही.

हा प्रश्न बैलांपुरता किंवा लेखकांपुरता नाही, हे आमच्या ध्यानात आले ते मात्र समुद्रावर. कड्याहून समुद्र दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर. 2017 च्या मार्चमध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर मोटारबोटींची शर्यत झाली. आमचा एक माजी विद्यार्थी आम्हाला आग्रहाने ती पाहायला घेऊन गेला. कठड्याशी उभे राहून आम्ही त्या होड्या लाटांवरून उसळताना पाहिल्या. प्रत्येकीत दोघे जण, एक चालवणारा आणि एक दिशा सांगणारा. विद्यार्थ्याने माहिती पुरवली की सगळ्या होड्या एकाच साच्यातल्या आणि सगळ्यांची इंजिने सारख्याच ताकदीची आहेत. म्हणजे जिंकेल तो माणसाच्या कौशल्यावर. आम्हाला ते पटले. तरीही आमच्या तोंडून मास्तरी प्रश्न गेलाच, ‘अरे, साचा बदलल्यावर या होड्या कुठे जातील?’

त्याचे उत्तर आम्ही पुढे वाचनातून शोधले. खुल्या समुद्रातल्या या शर्यतींना आधुनिक रूप आले ते 1956 च्या मायामी-नासाऊ शर्यतीपासून. 1960 साली तीच शर्यत खवळलेल्या समुद्रात रिचर्ड बर्ट्रम यांच्या ‘मॉपी’ने जिंकली. रे हंट यांनी आखलेला तिचा तळ खोल, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा होता. सपाट तळाच्या होड्या लाटेवर आपटत, ही लाट कापत जाई. एका शर्यतीने आधीच्या कितीतरी होड्या जुन्या ठरल्या. त्या कालपर्यंत जितक्या धावत होत्या तितक्याच आजही धावत होत्या, पण जिंकण्याच्या हिशेबातून बाद झाल्या. पुढच्याच वर्षी, 1961 मध्ये, मॅक्स एटकेन यांनी इंग्लंडात काउझ ते टॉर्की ही शर्यत सुरू केली. नंतरच्या दशकांत जोडतळाच्या होड्या आल्या, इंजिने बदलली आणि जुनेपणाची तारीख दर काही वर्षांनी पुढे सरकत राहिली.

या जुन्या होड्यांचे करायचे काय, यावर त्या जगातल्या माणसांनी वेगवेगळे तोडगे काढलेले दिसतात. एक तोडगा सनावळीचा: अमुक सालाआधी बांधलेल्या होड्या एका गटात. पण साठ सालच्या तळावर आजचे इंजिन बसवले तर तिचे वय कोणते धरायचे? दुसरा तोडगा रचनेचा: एकतळी होड्या वेगळ्या, जोडतळी वेगळ्या, इंजिनाच्या ताकदीला मर्यादा. हे माप पक्के, पण एकाच रचनेची कसलेली आणि खिळखिळी होडी त्यात एकत्र येतात. तिसरा तोडगा, अमेरिकेत रुळलेला, वेगाच्या कमाल मर्यादेचा. प्रत्येक गटाला वेग ठरवून दिलेला. उपग्रहाच्या साहाय्याने तो मोजतात आणि मर्यादा ओलांडली तर दंड होतो. यात होडीचे वय कोणी विचारत नाही. ती आज किती धावते एवढेच पाहतात. दोष इतकाच, की वेगवान होडीचा मालक हातचे राखून खालच्या गटात उतरू शकतो. चौथा मार्ग सर्वांत सोपा: जुन्या होडीला रंग देऊन बंदरात मिरवायचे आणि टाळ्या वाजवायच्या. म्हणजे शाल आणि नारळ!

हे सारे आमच्या मनात असतानाच शेजारच्या एका गावच्या जत्रेत शर्यत ठरली. रीतसर परवानगी काढलेली होती. अण्णांनी जोडी उतरवायची इच्छा सांगितली तेव्हा तिथल्या मंडळींनी, अत्यंत आदराने, जोडीचा सत्कार करण्याचे सुचवले. झूल, बाशिंग, हलगी, सारे काही. अण्णा आमच्याकडे आले. ओट्यावर बसून म्हणाले, ‘गुरुजी, सत्कार काय, मेल्यावरबी करतेत. एकदा बरोबरीच्यासंगं पळवा म्हणावं.’ आम्ही विचारले, चार पावले पुढून सोडले तर? त्यांनी मान हलवली. ‘मंग जितलं तरी ती चार पावलंच जितली की.’

नियम लिहून देण्याचे काम साहजिकच मास्तरांवर आले. आम्ही आधी वयाची अट लिहिली: दहा वर्षांवरील बैल. दुसऱ्या दिवशी एक तकतकीत जोडी आली आणि मालक शपथेवर बारा वर्षे सांगू लागला. आम्ही ती अट खोडली आणि सेकंदांची अट घातली: सरावात अमुक वेळेपेक्षा कमी वेळ लागला तर गट बदलेल. सरावात सगळ्याच जोड्या अशा रेंगाळल्या की जणू पेरणीला निघाल्या होत्या. समुद्रावरचे दोन्ही दोष आमच्या माळरानावर दोन दिवसांत हजर झाले.

तेव्हा एका वृद्ध पैलवानांनी वाट दाखवली. ते म्हणाले, गट कशाला पाडता, जोड लावा. जत्रेच्या कुस्त्यांत हेच चालते. वस्ताद आणि जाणती मंडळी दोन पैलवान शेजारी उभे करतात, मान, खांदा, मांडी पाहतात, कोण कुठल्या तालमीत किती वर्षे आहे हे त्यांना ठाऊक असते. आणि मग तोडीस तोड जोड ठरते. जोड चुकली तर प्रेक्षकच ओरडतात. तिथे न वजनकाटा असतो, न जन्मदाखला. आणि तरीही कुस्ती बहुधा काट्याची होते. आम्ही आमचा कागद बाजूला ठेवला. पाच जोड्या नाव द्यायला आल्या. पशुवैद्यकांनी तपासून एक जोडी नाकारली, आणि तिच्या मालकाने ते निमूट मानले. उरलेल्या चारांच्या दोन जोडी जाणत्यांनी लावल्या. ते बैल त्यांनी वासरे असल्यापासून पाहिले होते. ते बोलून गेले, ‘दाताचं खोटं सांगाल, गावाला काय सांगाल?’

इथे एक आक्षेप आम्ही स्वतःच घेतो. होडीला दमायला होत नाही, बैलाला होते. आणि हरण्याची प्रतिष्ठा बैलाला नको असते, ती माणसाला हवी असते. जुन्या होडीतही जीव जुन्या फळ्यांवर टाकलेला असतो, पण तो ज्याचा असतो त्याने आपणहून टाकलेला असतो. या आक्षेपाचे पूर्ण उत्तर आमच्यापाशी नाही. चाबूक नव्हता, अंतर कमी केले होते, वैद्य उभे होते, इतकेच सांगता येईल. निबंध लिहिणाऱ्या म्हाताऱ्याला मात्र हा आक्षेप लागू पडत नाही. त्याची धाव त्याचीच असते. म्हणून त्याला मैदानाबाहेर ठेवणाऱ्यांना करुणेची सबब नाही.

शर्यत झाली. अण्णांची जोडी सुटतानाच किंचित मागे राहिली, मध्ये बरोबरीला आली आणि अर्ध्या अंगाने हरली. नव्या बैलांच्या फेऱ्यांना जितकी माणसे होती तितकी या फेरीला नव्हती, पण जी होती ती शेवटपर्यंत उभी होती. कारण कोण जिंकणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. परतताना आम्हाला वाटले, अण्णा खट्टू असतील. ते खट्टू होतेच. पण वाटभर ते बोलत होते ते सुटण्याच्या क्षणाविषयी, उजव्या बैलाच्या मानेविषयी, आपली हाक अर्धा क्षण उशिरा गेल्याविषयी. सत्काराहून परतताना आम्ही गाडीत काय बोललो होतो ते आठवून पाहिले. शालीच्या पोताविषयी बोललो होतो.

न्याय्य गट म्हणजे काय, याविषयी आमची समजूत आता अशी आहे: ज्यात उतरल्यावर निकाल आधी सांगता येत नाही, तो गट न्याय्य. दुबळ्याला जिंकवून देणे हे त्याचे काम नाही. त्याला बरोबरीचा मिळवून देणे हे आहे. त्यासाठी माप लागतेच. परंतु जिथे माप मुके होते, तिथे खूप दिवस पाहिलेल्या माणसांची नजर लागते. समीक्षा म्हणतात ती याहून फार वेगळी नसावी. ज्येष्ठ लेखकाचे नवे पुस्तक हाती आल्यावर त्याच्या एकूण योगदानाचा गौरव करून ते मिटून ठेवणे सोपे आहे. त्याच्याच तोलाच्या पुस्तकाशेजारी ते ठेवून ‘इथे उणे पडले’ असे लिहिणे कठीण आहे. पण तसे लिहिणाऱ्यानेच ते वाचलेले असते.

त्या निबंधाची प्रत आमच्याकडे होती. आम्ही तो पुन्हा लिहून काढला आणि दुसऱ्या एका स्पर्धेला पाठवला. सोबतच्या पत्रात एवढेच लिहिले, की आम्हाला अध्यक्षपद नको. गुण कळवावेत, कितीही कमी असोत. निकाल अजून यायचा आहे.