खाडीपलीकडील तबकड्या

मानखुर्दचें स्थानक मागें पडलें, म्हणजे गाडी खाडीच्या पुलावर येते आणि डब्यांतील गर्दीला क्षणभर मोकळा वारा लागतो. हिवाळ्यांत ओहोटीच्या वेळीं कधीं कधीं दूरच्या चिखलांत रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघहि दिसते. पलीकडे वाशी. १९७० सालीं सिडकोची स्थापना होऊन नवी मुंबईची आखणी सुरू झाली, १९७३ मध्यें खाडीवर मोटारींचा पूल झाला, आणि आगगाडी येथें पोहोंचली ती १९९२ सालीं. माझ्या आत्याबाईंहून हें शहर चांगलें तीस वर्षांनीं लहान आहे. तेथें जाऊन जुन्या संगीत नाटकांविषयीं कांहीं लिहावेंसें वाटेल, हें माझ्या स्वप्नींहि नव्हतें.

मी गेलों होतों तें निराळ्याच कामासाठीं. वाशींतील सिडकोच्या कित्येक जुन्या इमारती आतां जीर्ण झाल्या असून त्या एकेक पाडून त्यांच्या जागीं उंच मनोरे उभे राहत आहेत. आत्याबाईंच्या इमारतीची पाळी आली होती. त्यांचें सासर मूळचें गिरगांवचें. चाळींतील बिऱ्हाड मोडून वाशीस येतांना त्यांच्या सासऱ्यांनीं एका लांकडी पेटींत अडतीस तबकड्या आणि चावीचा ग्रामोफोन जपून आणिला होता. आतां कांहीं वर्षें भाड्याच्या तोकड्या जागेंत काढावयाचीं, तेव्हां एवढी पेटी ठेवावी कोठें? "हें सगळें फोनमध्यें आहे, आजी," असें नातवानें सांगितलें, आणि त्याच्या म्हणण्यांत फारसें खोटें नव्हतें. अखेर बारा तबकड्या ठेवाव्या असें ठरलें. परंतु त्या बारा कोणत्या, यावरून घरांत जो वाद पेटला तो तीन दिवसांत विझेना, म्हणून मला पंच नेमून पुण्याहून बोलाविण्यांत आलें.

घरांत पक्ष दोन. आत्याबाई बालगंधर्वांच्या, आणि त्यांचे दीर मास्टर दीनानाथांचे. दिरांना सारें घर भाऊजी म्हणतें, तेव्हां मीहि तेंच नांव चालवितों. सूनबाई कोणत्याच पक्षांत नव्हत्या. त्यांची भक्ति कुमार गंधर्वांवर, आणि त्यांची तबकडी त्या पेटींत एकहि नव्हती.

दुपारचीं जेवणें झाल्यावर ग्रामोफोनला चावी दिली. पहिलें पद 'स्वयंवरां'तलें, 'नाथ हा माझा'. खाडिलकरांचें हें नाटक १९१६ सालीं रंगभूमीवर आलें. चाली भास्करबुवा बखल्यांच्या, रुक्मिणी बालगंधर्वांची. मीं हें पद पूर्वीं कैक वेळां ऐकलें होतें, पण न्यायाधीश होऊन कधीं ऐकलें नव्हतें. बालगंधर्व गातात असें म्हणण्यापेक्षां रुक्मिणी बोलतां बोलतां गाऊं लागते, असें म्हणणें अधिक खरें. यमनासारखा भरजरी राग, पण तो उलगडून दाखविण्याची घाई नाहीं. शब्द कोठें तुटत नाहीं, आणि सम येऊन गेली हें मागाहून कळतें. या तबकडीस कडेला एक तडा आहे. त्यामुळें आरंभींच्या ओळींवर प्रत्येक फेऱ्याला टिचकी वाजते, आणि फेरे तर मिनिटास अठ्ठ्याहत्तर!

"वहिनी, गोड आहे," भाऊजी म्हणाले, "पण नुसत्या गोडाचें जेवण किती जेवावें?"

त्यांनीं 'मानापमाना'तलें 'रवि मी' लावलें. नाटक १९११ चें, खाडिलकरांचेंच. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. येथें एकदम निराळें हवामान. दीनानाथांची तान कोठून सुटेल आणि कोठें उतरेल याचा अदमास लागत नाहीं. आवाज वर झेपावतो तो परवानगी न घेतां. आत्याबाईंचा आक्षेप असा कीं, यांत शब्द होरपळतात. आक्षेप अगदींच खोटा नाहीं. परंतु गाणारा कोण आहे? धैर्यधर, पराक्रमी आणि दरिद्री सेनापति, श्रीमंतांच्या घरीं अपमान गिळून आलेला. त्यानें रुक्मिणीसारखें गावें काय? दोघां गायकांची तुलना करूं नये असें माझें म्हणणें नाहीं. मात्र ती पात्रें विसरून करणें हा शुद्ध अन्याय होय. नातवानें मग तेंच पद वसंतराव देशपांड्यांच्या आवाजांत फोनवर ऐकविलें. त्यांत दीनानाथांचा विस्तव स्पष्ट दिसतो, पण तो मैफलीच्या गवयानें फुंकर घालून फुलविलेला. भाऊजी डोळे मिटून ऐकत होते. पसंत पडल्याचें मात्र त्यांनीं कबूल केलें नाहीं.

सूनबाईंनीं सर्वांत मार्मिक गोष्ट सांगितली. कुमार गंधर्वांनीं आपल्या कार्यक्रमास 'मला उमजलेले बालगंधर्व' असें नांव दिलें होतें. त्यांत नक्कल नव्हती, एका गवयानें दुसऱ्याचा केलेला अभ्यास होता. "काका गोड म्हणतात तें गोड नव्हे, नेमकें आहे," त्या म्हणाल्या, "कुमारांचें ऐकल्यावर तें मला कळलें." मीं मनांतल्या मनांत निम्मा निकाल तेथेंच लिहून टाकला.

मात्र तबकडीवरून नाटकाचा निवाडा करण्यांत मोठा धोका आहे. एका बाजूस जेमतेम तीन मिनिटें. नाटक रात्रभर चाले, 'वन्स मोअर'नें एकेक पद लांबत जाई. तें सारें या लाखेच्या चकतींत कसें मावावें? ही अडचण कांहीं आमचीच नव्हे. फ्रेड गेसबर्गनें १९०२ च्या एप्रिलांत मिलान येथें इटालियन ऑपेराचा गायक कारूसो याचें गाणें मुद्रित केलें, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास गौहरजानचें. कातर दोघांनाहि तीच लागली. ८ जुलै १९२१ च्या 'संयुक्त मानापमाना'ची तर गोष्टच सोडा. टिळक स्वराज्य फंडासाठीं झालेल्या त्या प्रयोगांत बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर समोरासमोर आले; तीनच महिन्यांत केशवराव निवर्तले. त्या रात्रीची ध्वनिमुद्रिका नाहीं. भाऊजींचे आजोबा त्या प्रयोगास हजर होते म्हणे. महाराष्ट्रांतील जेवढे आजोबा तेथें हजर असल्याचें सांगण्यांत येतें, तेवढे खरोखर जमते तर थिएटरच्या भिंती उभ्या राहत्या ना.

सायंकाळीं पाय मोकळे करावयास निघालों तों विष्णुदास भावे नाट्यगृहापर्यंत गेलों. १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' करणाऱ्या भाव्यांचें नांव या कालच्या शहरांत ऐटीनें झळकत आहे. पण वाशींत बालगंधर्वांना पाहिलेला कोणाचा आजोबा सांपडावयाचा नाहीं. येथें ते रंगमंचावरून आलेच नाहींत, आले ते पेट्यांतून, गिरगांव-दादरच्या बिऱ्हाडांबरोबर. म्हणून या भूमीला स्वतःचें गाणें नव्हतें असें मात्र कोणी समजूं नये. शहर ज्यांच्या शेतांवर आणि मिठागरांवर उभें राहिलें, त्या आगरी घरांतील लग्नांत धवलारीण धवले गाते, तें येथलें खरें जुनें संगीत. आमच्या अडतीस तबकड्यांत तें कोठून असणार?

परत येऊन निकाल दिला: बालगंधर्वांच्या सहा, दीनानाथांच्या चार, आणि दोन आत्याबाईंच्या सासऱ्यांच्या आवडीच्या, ज्यांवर वाद नव्हता. तडा गेलेलें 'नाथ हा माझा' मीं वगळलें, कारण तेंच पद फोनवर स्वच्छ ऐकूं येतें. आत्याबाई कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं बारा तबकड्या जुन्या लुगड्यांत गुंडाळून बांधल्या. उरलेल्या माझ्याबरोबर पुण्यास यावयाच्या होत्या.

सकाळीं मोजतों तों सव्वीसऐवजीं पंचवीस भरल्या. भाऊजींच्या वळकटींत पंचाच्या घड्यांमध्यें ती तडकलेली तबकडी होती. "वाटेंत फुटेल हो ती," मीं म्हटलें.

"फुटूं दे. माझ्या सामानांत आहे ना?" ते म्हणाले, "टिचकीशिवाय तें पद मीं कधीं ऐकलेलें नाहीं."

आत्याबाई दारांत उभ्या होत्या. त्यांनीं ऐकलें, आणि भाऊजींच्या चहाचें आधण ठेवावयास त्या आंत गेल्या.